घरगुती छतावरील सौर वीज (खानदेश)

घरगुती छतावरील सौर वीज म्हणजे राहत्या घराच्या गच्चीवर किंवा छपरावर बसवलेल्या सौर पॅनेलांद्वारे तयार केलेली आणि बहुधा सार्वजनिक वीजजाळ्याशी जोडलेली वीज होय. महाराष्ट्रात खानदेश (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) हा प्रखर उन्हाचा प्रदेश असल्याने येथे अशा प्रणालीस नैसर्गिक अनुकूलता आहे. तथापि एखाद्या कुटुंबास ती परवडते की नाही, हे उन्हापेक्षा त्या घराचा मासिक वीजवापर, छताचा प्रकार, छतावरील मालकी हक्क आणि नेट मीटरिंगचे नियम यांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात बोदवड (जिल्हा जळगाव) व परिसरातील परिस्थितीच्या संदर्भात या प्रणालीचा खर्च व व्यवहार्यता यांचा विचार केला आहे.

शेतीसाठीचे सौर पंप, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील प्रकल्प आणि पाणी तापवणारे सौर बंब हे या लेखाचे विषय नाहीत. त्यांची रचना, अनुदान व नियम वेगळे आहेत.

## पार्श्वभूमी

प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. भारतात जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. २०१५ मध्ये या मिशनचे उद्दिष्ट वाढवून २०२२ पर्यंत १०० गिगावॉट करण्यात आले. त्यांपैकी ४० गिगावॉट वीज छतांवरून अपेक्षित होती. मोठे भूस्थित प्रकल्प वेगाने उभे राहिले, छतांचे उद्दिष्ट मात्र बरेच मागे पडले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला, तेव्हा खानदेशातील खेड्यापाड्यांत घरावरची सौर वीज ही अपूर्वाईची गोष्ट होती.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र शासनाने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' जाहीर केली. एक कोटी घरांचे लक्ष्य असलेल्या या योजनेस त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तिचा एकूण खर्च ७५,०२१ कोटी रुपये ठरवण्यात आला. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून ओळखले जाते.

## कार्यपद्धती

सौर पॅनेलावर प्रकाश पडल्यावर एकदिश (डीसी) विद्युतप्रवाह निर्माण होतो. इन्व्हर्टर त्याचे घरात वापरल्या जाणाऱ्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात रूपांतर करतो. ही वीज प्रथम घरातील उपकरणांना मिळते. उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री किंवा ढगाळ वेळी कमी पडणारी वीज जाळ्यातून घेतली जाते. दोन्ही दिशांची मोजणी नेट मीटर करतो.

प्रणालीची क्षमता किलोवॉटमध्ये आणि तिने तयार केलेली वीज युनिटमध्ये (किलोवॉट-तास) मोजतात. एक किलोवॉट क्षमतेची प्रणाली महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देते. एका किलोवॉटसाठी साधारणपणे १० चौरस मीटर (सुमारे १०० चौरस फूट) सावलीविरहित जागा धरली जाते.

## हवामान आणि उत्पादन

बोदवड सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी सुमारे २० अंशांचा कल देऊन बसवल्यास वर्षभरात चांगले उत्पादन मिळते.

उन्हाची प्रखरता आणि विजेचे उत्पादन यांचे नाते सरळ नाही. सौर घट प्रकाशावर चालतो; उष्णता त्याला बाधक असते. पॅनेलाची क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. त्यावरील प्रत्येक अंशागणिक उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पॅनेलाचे स्वतःचे तापमान ६५ अंशांच्या आसपास असू शकते. अशा दुपारी उत्पादनात १२ ते १६ टक्के घट येते. पॅनेलांखालून वारा खेळता ठेवल्यास ही घट काहीशी कमी होते. पॅनेले पत्र्याला चिकटवून बसवण्यापेक्षा मध्ये अंतर सोडण्याचे हे एक कारण आहे.

पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन लक्षणीय कमी होते. दिवाळीनंतर आकाश निरभ्र व हवा थंड असते, परंतु दिवस लहान असतो. फेब्रुवारी व मार्च हे महिने ऊन आणि तापमान या दोन्ही दृष्टींनी अनुकूल असतात.

सावलीचा विचार उन्हाळ्यावरून करणे ही नेहमी होणारी चूक आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व सावली नाहीशी होते. डिसेंबरमध्ये मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर असतो, त्यामुळे कठड्याची, पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीइतकी लांब पडते. घट एकामागोमाग एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावरील सावलीमुळेही संपूर्ण रांगेचे उत्पादन घटू शकते. म्हणून जागेची पाहणी हिवाळ्यातील सावली गृहीत धरून करावी लागते.

## छताचा प्रकार

खानदेशातील जुनी घरे बहुधा धाब्याची असतात. लाकडी खांब व सरे यांच्यावर मातीचा जाड थर देऊन केलेले हे सपाट छत घर थंड ठेवते, पण त्याच्यावर लोखंडी सांगाडा रोवता येत नाही. खिळे वा बोल्ट मातीत टिकत नाहीत, गळती सुरू होते आणि जुन्या लाकडावरचा भार वाढतो. अशा घरात सौर प्रणाली बसवायची तर सांगाड्याचे खांब भिंतींवर किंवा स्वतंत्र पायावर घ्यावे लागतात आणि खर्च वाढतो. पत्र्याच्या छपराखालील कैच्या मजबूत असतील तर त्यांच्या आधाराने पॅनेले बसवता येतात. कौलारू छपरावर हे काम अवघड असते. सिमेंट-काँक्रीटची गच्ची सर्वांत सोयीची ठरते.

गच्चीचे घरातील स्थानही विचारात घ्यावे लागते. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मिरच्या वाळवणे आणि रात्री अंथरूण घालणे यांसाठी गच्ची वापरली जाते. पॅनेले ६ ते ८ फूट उंचीवर बसवल्यास खालची जागा मोकळी राहते. परंतु उंच सांगाड्याला लोखंड अधिक लागते आणि त्याच्यावर वाऱ्याचा जोर जास्त येतो. रावेर, यावल व मुक्ताईनगर भागात मे-जूनमधील वादळे केळीच्या बागा आडव्या करतात. तोच वारा गच्चीवरही येतो. त्यामुळे सांगाड्याची जाडी, गॅल्व्हनायझिंग आणि पायाचे बोल्ट या बाबींत केलेली काटकसर पुढे महाग पडू शकते.

## नेट मीटरिंग

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौर विजेसाठी २०१५ मध्ये प्रथम नियम केले आणि २०१९ मध्ये नवे विनियम लागू केले. नेट मीटरिंगमध्ये ग्राहकाने जाळ्यात दिलेले युनिट त्याने घेतलेल्या युनिटांतून वजा होतात व उरलेल्या निव्वळ युनिटांचे बिल येते. एखाद्या महिन्यात दिलेले युनिट जास्त असल्यास ते पुढील महिन्यात जमा धरले जातात.

ही जमा वित्तीय वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंतच चालते. त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. हा दर ग्राहक ज्या दराने वीज विकत घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. खानदेशात या तारखेला विशेष महत्त्व आहे. हिवाळ्यात पंखे व कूलर बंद असल्याने युनिट साठतात. ३१ मार्चला ही जमा शून्य होते आणि लगेच एप्रिल ते जून हा कूलरचा, म्हणजे सर्वाधिक वापराचा काळ सुरू होतो. हिवाळ्यातील शिल्लक उन्हाळ्यात वापरू, ही अपेक्षा म्हणूनच पूर्ण होत नाही. वर्षभराच्या वापरापेक्षा मोठी प्रणाली बसवण्यात सहसा लाभ नसतो, तो याच कारणाने.

दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे वीजदर लागू झाल्यास दुपारी दिलेले युनिट रात्रीच्या युनिटाबरोबर एकास एक वजा होणार का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. महावितरणच्या २०२५ मधील दरप्रस्तावाच्या वेळी राज्यात यावर बरीच चर्चा झाली. प्रणाली बसवण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला आयोगाचा आदेश पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

## खर्च आणि अनुदान

पॅनेले, इन्व्हर्टर, सांगाडा, तारा, सुरक्षा साहित्य आणि मजुरी मिळून बॅटरीविरहित घरगुती प्रणालीचा खर्च साधारणतः प्रति किलोवॉट ५५,००० ते ७५,००० रुपयांच्या दरम्यान येतो. क्षमता वाढली की प्रति किलोवॉट खर्च काहीसा कमी होतो.

पीएम सूर्यघर योजनेनुसार पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये केंद्रीय अनुदान मिळते. ३ किलोवॉट व त्यापुढील कोणत्याही क्षमतेस अनुदानाची कमाल मर्यादा ७८,००० रुपये आहे. अनुदानासाठी देशात बनवलेल्या घटांची व पॅनेलांची अट आहे. ही रक्कम काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, म्हणून आरंभी पूर्ण खर्चाची किंवा कर्जाची तजवीज करावी लागते. योजनेत कमी व्याजाच्या विनातारण कर्जाची सोय आहे.

योजनेच्या नावातील 'मोफत वीज' या शब्दांमुळे गैरसमज होतो. शासन ग्राहकाला मोफत वीज पुरवत नाही. ग्राहक स्वतःच्या खर्चाने व अनुदानाच्या साहाय्याने वीज तयार करतो आणि त्यामुळे त्याचे बिल घटते. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार व त्यावरील वीज शुल्क भरावेच लागते.

## परतफेडीचा काळ

महावितरणच्या घरगुती वीजदरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. २०२४-२५ मध्ये वहन आकारासह (१.१७ रुपये) पहिल्या तीन टप्प्यांचे दर प्रति युनिट अनुक्रमे ५.८८, ११.४६ व १५.७२ रुपये होते. स्थिर आकार १२८ रुपये आणि वीज शुल्क १६ टक्के होते. प्रति किलोवॉट ६५,००० रुपये खर्च व महिन्याला १२० युनिट उत्पादन धरून, इंधन समायोजन आकार वगळून, तीन कुटुंबांचे उदाहरणादाखल गणित पुढीलप्रमाणे येते.

| मासिक वापर | प्रणाली | पूर्वीचे बिल | नंतरचे बिल | वार्षिक बचत | अनुदानानंतरचा खर्च | परतफेड |
|---|---|---|---|---|---|---|
| १०० युनिट | १ किलोवॉट | ₹८३१ | ₹१४८ | सुमारे ₹८,२०० | ₹३५,००० | सुमारे ४.३ वर्षे |
| २५० युनिट | २ किलोवॉट | ₹२,८२५ | ₹२१७ | सुमारे ₹३१,३०० | ₹७०,००० | सुमारे २.२ वर्षे |
| ४०० युनिट | ३ किलोवॉट | ₹५,३१३ | ₹४२१ | सुमारे ₹५८,७०० | ₹१,१७,००० | सुमारे २ वर्षे |

वीजवापर दर महिन्यास सारखा नसतो, शिवाय कर्जाचे व्याज व देखभाल यांचा खर्च असतो. त्यामुळे प्रत्यक्षात हा काळ याहून अधिक येतो. दर बदलले की आकडेही बदलतात. परंतु तीन ओळींमधील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. सौर युनिट प्रथम सर्वांत महाग टप्प्यातील युनिटाची जागा घेते. ज्याचे बिल मोठे, त्याची बचत जलद होते. कमी वीज वापरणाऱ्या, बहुधा कमी उत्पन्नाच्या कुटुंबास हीच गुंतवणूक वसूल करण्यास दुप्पट वेळ लागतो. अनुदान नसते तर या कुटुंबास सुमारे ८ वर्षे लागली असती.

ही विषमता कमी करण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप' (स्मार्ट) योजना आणली. तीत १ किलोवॉट प्रणालीसाठी केंद्रीय अनुदानाव्यतिरिक्त दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १७,५०० रुपये आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल ग्राहकांना १०,००० रुपये देण्याची तरतूद आहे. दुसऱ्या गटातील अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांसाठी ही रक्कम १५,००० रुपये आहे. वरील उदाहरणातील १०० युनिटांच्या आतील कुटुंबास १०,००० रुपये अधिक मिळाल्यास परतफेडीचा काळ सुमारे ३ वर्षांवर येतो.

## वीजपुरवठा खंडित झाल्यास

घरावर सौर पॅनेले असली म्हणजे गावाची वीज गेली तरी आपल्या घरी दिवे राहतील, ही समजूत व्यापक आहे. बॅटरी नसलेली, जाळ्याशी जोडलेली प्रणाली वीजपुरवठा बंद होताच आपोआप थांबते. भर दुपारी कडक ऊन असले तरी घरात वीज येत नाही. हा दोष नसून सुरक्षेची व्यवस्था आहे. पुरवठा बंद ठेवून तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास एखाद्या घरातून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी इन्व्हर्टर जाळ्यापासून अलग होतो.

वादळानंतर तासन्‌तास वीज नसणाऱ्या गावांत ही बाब ग्राहकास आधीच माहीत असणे महत्त्वाचे आहे. खंडित काळात वीज हवी असेल तर बॅटरीसह चालणारी हायब्रिड प्रणाली घ्यावी लागते. तिचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. अनेक घरांत आधीपासून असलेला लहान इन्व्हर्टर व बॅटरी दोन-तीन दिवे आणि पंख्यांपुरती स्वतंत्र ठेवणे हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे.

## मालकी आणि कागदपत्रे

प्रणाली वीजजोडणीधारकाच्या नावे मंजूर होते. ग्रामीण भागात वीजमीटर दिवंगत आजोबा किंवा वडिलांच्या नावावर राहिलेले असणे सर्रास आढळते. अशा वेळी प्रथम नाव बदलून घ्यावे लागते. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसेल तर गच्चीच्या वापरास इतर हिस्सेदारांची संमती आवश्यक ठरते. भाडेकरूंना या योजनेचा थेट लाभ घेणे कठीण असते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या विजेसाठी स्वतंत्र अनुदान, प्रति किलोवॉट १८,००० रुपये, उपलब्ध आहे.

नोंदणी योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर ग्राहक क्रमांकाच्या आधारे होते. त्यानंतर नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, उभारणी, तपासणी, नेट मीटर आणि अनुदान असा क्रम असतो. फेब्रुवारी २०२४ मधील ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या प्रणालीस तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची गरज राहिलेली नाही. पुरवठादारावर ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. लेखी करारात पॅनेलांची बनावट, सांगाड्याचे वर्णन, हमीचा काळ आणि पैसे देण्याचे टप्पे नमूद असणे ग्राहकाच्या हिताचे असते.

## देखभाल आणि आयुष्य

पॅनेलांची कार्यक्षमता दरवर्षी थोडी घटते. २५ वर्षांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के उत्पादनाची हमी उत्पादक देतात. इन्व्हर्टरचे आयुष्य कमी असते व या काळात तो किमान एकदा बदलण्याचा खर्च गृहीत धरावा लागतो.

खानदेशात मुख्य देखभाल धुळीची असते. पावसाळ्यात पॅनेले आपोआप धुतली जातात. कोरड्या महिन्यांत साधारण दोन आठवड्यांनी सफाई करावी लागते. ती पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावी, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडल्यास तडा जाण्याची शक्यता असते. कूपनलिकेच्या कठीण पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात. पाणीटंचाईच्या काळात मऊ कुंच्याने कोरडी धूळ झाडून ओल्या फडक्याने पुसणेही पुरते. अर्थिंग व वीजरोधक यांची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करणे आवश्यक असते.

## पर्यावरणीय परिणाम

बोदवडपासून जवळच भुसावळ तालुक्यातील दीपनगर येथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. देशातील जाळ्यातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्या हिशेबाने २ किलोवॉटची घरगुती प्रणाली वर्षाला सुमारे २ टन उत्सर्जन टाळते. छतावरील प्रणालीस स्वतंत्र जमीन लागत नाही, हा तिचा आणखी एक लाभ आहे. निकामी पॅनेलांची विल्हेवाट हा पुढील काळातील प्रश्न असून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलांचा समावेश करण्यात आला आहे.

## हे सुद्धा पहा

* सौर ऊर्जा
* महावितरण
* महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग
* पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना
* बोदवड